दुसरी बाजू

आमच्या लातूरच्या घरातील मधल्या खोलीत एक शिसवी कपाट आहे. त्या कपाटाच्या वरच्या खणात अण्णांचा स्टीरिओ होता. 'होता' एवढेच त्याच्याविषयी म्हणता येत असे, कारण तो वाजत नसे. तबकड्या फिरवणारे यंत्र, त्याच्या शेजारी ॲम्प्लिफायरची चपटी पेटी आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन उभी लाकडी खोकी असा तो सगळा संसार होता. खोक्यांवर आईने विणलेले रुमाल पडले होते. एकावर फुलदाणी आली, दुसऱ्यावर औषधाच्या बाटल्या आल्या. पाहुण्यांपैकी कोणी विचारलेच तर अण्णा म्हणत, "जळालाय तो." दुरुस्त करून आणू का, असे मी त्यांना अनेकदा विचारले. प्रत्येक वेळी ते वर्तमानपत्राचे पान उलटून सांगत, "राहू दे. आता त्याचे भाग मिळत नाहीत."

अण्णा लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. दिवसभर तूर, हरभरा, करडई यांच्या वजनांचे आणि पट्ट्यांचे हिशेब करणाऱ्या या माणसाने १९७९ साली आपल्या ऐपतीबाहेरची एकच वस्तू विकत घेतली. ती हा स्टीरिओ. त्या वेळी लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्यासाठी १९८२ चा ऑगस्ट उजाडायचा होता. निजामाची राजवट १९४८ मध्येच संपली होती, तरी मोठ्या खरेदीसाठी आमच्याकडील माणसांची पावले पुण्यामुंबईपेक्षा हैदराबादकडेच वळत. अण्णाही हैदराबादला गेले आणि दोन्ही खोकी एस. टी.च्या टपावर बांधून, ॲम्प्लिफायर मात्र मांडीवर घेऊन परत आले. रात्रभर त्यांनी ती पेटी खाली ठेवली नाही, हे आई अजून सांगते.

त्या यंत्रातील गणित अण्णांना फार आवडे. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, हा अपूर्णांक ऐकून लोक हसत. अण्णा त्यांना समजावून सांगत, की तीन मिनिटांचे बरोबर शंभर फेरे होतात. तबकडीच्या मधल्या कागदी वर्तुळावर ते चिठोरी ठेवीत, मनगटावरचे घड्याळ समोर धरीत आणि चिठोरी किती वेळा समोरून जाते ते मोजीत. शंभर भरले की समाधानाने मान हलवीत. हिशेब जुळला, असे ते म्हणत नसत. पण चेहरा तेच सांगे.

दोन खोकी कशासाठी, हा प्रश्न मी लहानपणी त्यांना विचारला होता. त्यांनी मला भिंग देऊन तबकडीवरची खाच दाखवली होती. त्या भिंगातून मला काळ्या रेघांखेरीज काही दिसले नाही. पुढे वाचनात आले, की त्या एकाच खाचेच्या दोन भिंती असतात. एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो, दुसऱ्या भिंतीवर उजव्या बाजूचा. सुई एकच असते आणि ती दोन्ही भिंतींचे म्हणणे एकाच वेळी ऐकते. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा तबकड्या बाजारात सर्वत्र येईपर्यंत १९५८ साल उजाडले. तोवर ब्लमलाइन जिवंत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात एका विमान अपघातात तो गेला होता. आपण शोधलेली गोष्ट घराघरांत वाजताना त्याने ऐकली नाही.

अण्णा २०१९ मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी घराला रंग देण्याचे निघाले आणि कपाट हलवावे लागले. भंगारवाला दारात उभा होता. त्याने दोन्ही खोकी हाताने तोलून पाहिली आणि वजनावर भाव सांगितला. अण्णांच्या साऱ्या आयुष्यातील एकमेव चैनीचा तो भाव ऐकून मला कसेसेच झाले. मी त्याला परत पाठवले आणि ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून गंजगोलाईकडे निघालो.

गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या बोळात, जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. हल्ली त्यांच्याकडे येतात ते मिक्सर आणि गिरणीचे स्टार्टर. चादर उलगडताच त्यांनी चष्मा पुसला. "बहुत दिन बाद देखा," एवढेच ते म्हणाले. पेटी त्यांनी थेट विजेला जोडली नाही. फळीवर एक साधा शंभर वॅटचा बल्ब होता; त्याच्यामधून वाट काढून त्यांनी वीज पेटीकडे नेली. याला ते सिरीज बल्ब म्हणतात. पेटीच्या पोटात कुठे तारा एकमेकींना भिडल्या असतील तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमच्या पेटीला वीज लावली, तेव्हा बल्ब पेटलाही नाही आणि मिणमिणलाही नाही. वीज आत शिरतच नव्हती.

चाचांनी मागची काळी टोपी फिरवून काढली. काचेच्या नळीचा फ्यूज तेथे असतो. ती जागा रिकामी होती. त्यांनी टॉर्च मारून आत पाहिले, बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "फ्यूज उड़ा नहीं है. निकाला है."

मला त्या वाक्याचा अर्थ त्या क्षणी उमगला नाही. मुले खेळताना काढली असेल, असे काहीतरी मी म्हणालो. चाचांनी नवा फ्यूज बसवला. या वेळी बल्ब लख्ख पेटला आणि तसाच पेटत राहिला. त्यांनी लगेच बटण बंद केले.

नंतरच्या तीन आठवड्यांत मी दर शनिवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. यंत्राच्या आजारांची जी ओळख झाली, ती सारी त्या स्टुलावर. विजेचे चढउतार शांत करणारे जे मोठे कंडेन्सर असतात, त्यांच्या पोटात एक द्राव असतो आणि धातूवर एक अतिशय पातळ थर असतो. यंत्र चालू राहिले तर वीजच तो थर सांभाळते. वर्षानुवर्षे बंद ठेवले तर थर विरत जातो, द्राव सुकतो. असे कंडेन्सर असलेले यंत्र वाजलेच तर गाण्याच्या मागे सतत एक गुणगुण येत राहते आणि फारच बिघडले असतील तर आमच्या पेटीसारखी वीज तशीच आरपार जाते. चाचांनी दोन्ही मोठे कंडेन्सर बदलले. डाव्या बाजूचा एक पॉवर ट्रान्झिस्टर गेला होता; त्यांनी त्या बाजूची जोडीच बदलली, कारण एक नवा आणि एक जुना यांचा मेळ बसत नाही. जेथे डाख निसटला होता, तेथे राळ लावून पुन्हा डाख दिला. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणात धूळ बसून ते खरखरत होते. त्यात औषधाचे थेंब सोडून ते पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवायला त्यांनी मला सांगितले. मी ते इमानेइतबारे केले.

"वापरला असता तर एवढं झालंच नसतं ना?" मी विचारले.

"महिन्यातून अर्धा तास तरी चालवायचा," चाचा त्यांच्या मराठीत म्हणाले. "बंद ठेवला म्हणजे जपला, असं नसतं."

तबकडी फिरवणारे यंत्र त्यांनी घरी येऊन पाहिले. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. रबराचे चाक कडक होऊन त्याला गुळगुळीत पाणी चढले होते. ते घासून पुन्हा खरखरीत केले. सुईच्या हाताच्या टोकावर ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे चिकटवलेले होते. सुई उडू नये म्हणून अण्णांनीच ते कधीतरी लावले असावेत. चाचांनी ते नखाने काढले. "याच्या वजनानं तबकडी झिजते," ते म्हणाले. नवी सुई आली. त्या रात्री मी तबकडीवर चिठोरी ठेवली आणि मोबाइलवरचे घड्याळ लावून मोजायला बसलो. पहिल्या खेपेला तीन मिनिटांत सत्त्याण्णव फेरे झाले. ग्रीस पुरते मुरल्यावर, चौथ्या दिवशी, शंभर झाले. हिशेब जुळला, असे मी मोठ्याने म्हणालो. खोलीत ऐकायला कोणी नव्हते.

आता मांडणी उरली होती. अण्णांनी खोकी कुठे ठेवली होती हे मला आठवेना. मला ती आठवत होती ती कोपऱ्यांतच, रुमाल पांघरलेली. मी ती कोपऱ्यांतच ठेवून एक तबकडी लावली. खालचे स्वर घुमू लागले आणि गाणारा आवाज कुठूनच येईना. साऱ्या खोलीत तो विखुरल्यासारखा झाला होता. मग कपाटामागची शहाबादी फरशी पुसताना पिवळ्या रंगाच्या चार बारीक खुणा दिसल्या. भिंतीपासून हातभर पुढे, एकमेकींपासून सात फुटांवर अण्णांनी खोक्यांच्या जागा आखून ठेवल्या होत्या. समोर तितक्याच अंतरावर एक पाचवी खूण होती. ती त्यांच्या खुर्चीची. मी खोकी खुणांवर आणली. तरीही आवाज विखुरलेलाच राहिला. चाचांना फोन केला. त्यांनी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन प्रत्येक स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायला सांगितला. कागदी पडदा बाहेर येतो की आत जातो ते पाहायचे. एक बाहेर आला, दुसरा आत गेला. तारा मी उलट जोडल्या होत्या. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि दोघांच्या ओढाताणीत गाणारा माणूस हरवतो. फरशीवर आवाज आपटू नये म्हणून मी मधे एक जुनी वाकळ अंथरली आणि तारा नीट जोडल्या.

या वेळी आवाज डावीकडून आला नाही आणि उजवीकडूनही आला नाही. दोन खोक्यांच्या बरोबर मधे, जेथे नुसती रंगवलेली भिंत होती, तेथे कोणी उभे राहून गात होते. दोन्ही बाजूंनी सारखा आणि एकाच वेळी आवाज आला, तर कान तो मधल्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवतात. हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि त्या पाचव्या खुणेवर बसून ऐकणे वेगळे. मी आईला हाक मारली.

आईचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. ती भिंतीला धरून आली, वाकळीकडे पाहून क्षणभर थांबली आणि खुर्चीत बसली. तिच्या आवडीचे काही लावावे म्हणून मी तबकड्यांच्या गठ्ठ्यातून भीमसेन जोशी यांची 'अभंगवाणी' काढली. पाकिटातून तबकडी ओढताना तिच्यासोबत कागदाची एक घडी बाहेर पडली. आडतीच्या हिशेबाची कोरी पट्टी होती. उलगडली तर आत काचेची एक लहान नळी. पट्टीवर अण्णांच्या मुनिमी अक्षरात एकच ओळ होती: ३०/९/९३.

ही तारीख लातूर जिल्ह्यातील कोणाला समजावून सांगावी लागत नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपतींचे विसर्जन झाले, माणसे दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी आमच्याकडची घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी ती माळवदे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. बावन्न गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. माझी आत्या औसा तालुक्यातील त्या गावांपैकी एका गावात होती. मी त्या वेळी औरंगाबादला शिकत होतो. पोहोचलो तेव्हा तिचे सारे आटोपलेले होते. अण्णा त्याविषयी पुढे कधी बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. आमच्या भागातील पुष्कळ घरांत असेच झाले.

आईने ती नळी तळहातावर घेतली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वन्सं त्या दिवशी हितंच होत्या. डोळ्याच्या औषधाला आल्या होत्या. दुपारी ह्यांनी ही तबकडी लावली. पहिली बाजू झाली, दुसरी लावली. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या, ह्याच वाकळंवर. तिनंच शिवलीय ही. ह्यांनी घड्याळ बघितलं अन् म्हणले, आक्का, गाडी चुकंल, राहिलेलं पुढच्या खेपंला ऐक. सुई उचलली अन् घेऊन गेले स्टँडवर. घरचा गणपती उठवायचा होता तिला."

मी गप्प होतो.

"म्या किती येळा सांगितलं ह्यांला," आई पुढे म्हणाली, "ती गाडी चुकली असती तर संध्याकाळच्या गाडीनं गेल्याच असत्या की. सणाच्या दिवशी राहिल्या असत्या का? पण न्हाई. म्या सुई उचलली, म्याच घालवलं, हेच धरून बसले."

अठ्ठावीस वर्षे जळालेला म्हणून सांगितलेला स्टीरिओ जळालेला नव्हता. तिकडून परतल्यावर एका माणसाने त्याच्या पाठीतून बोटभर काच काढून घेतली होती, तारीख घालून ठेवली होती आणि कोणालाही हात लावू दिला नव्हता. मुनिमाने आपल्या नावावर एक रक्कम लिहिली आणि ती कधी वजा होऊ दिली नाही. त्या पहाटेला हिशेब नव्हता, हे त्यांना कळत नव्हते असे मला वाटत नाही. पण ज्या दुःखाला कोणीच जबाबदार नसते, ते उचलायला कोठे हात घालावा हेच माणसाला समजत नाही. आपली चूक धरून बसले की निदान धरायला काहीतरी मिळते. आणि आम्ही सगळे त्यांच्या गप्प राहण्याला जपत राहिलो. कदाचित त्या काळात कधीतरी कोणीतरी त्यांना विचारायला हवे होते. ते काम माझे होते.

"चांगला हाय का त्यो?" आईने विचारले.

मी मीटर आणून नळीच्या दोन्ही टोकांना लावला. आतली तार अखंड होती. आकडाही नव्या फ्यूजचाच होता.

"चांगला आहे."

"मग लाव की."

मी यंत्राची वीज काढली, चाचांनी बसवलेला फ्यूज काढून ठेवला आणि अण्णांचा बसवला. पुन्हा वीज जोडली. दिवा लागला. 'अभंगवाणी'ची कोणती बाजू लावू, असे मी विचारले नाही. दुसरी बाजू वर केली आणि सुई ठेवली.

भिंतीच्या मधोमध तो भरदार आवाज उभा राहिला. आई डोळे मिटून बसली. काही वेळाने 'टक्' असा आवाज आला. पुन्हा 'टक्'. ठरावीक अंतराने, एका फेऱ्याला एक. शंभर फेऱ्यांना तीन मिनिटे, म्हणजे एका फेऱ्याला एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. मनातल्या मनात मी ते करून टाकले. घाईने सुई उचलताना उमटलेला तो ओरखडा होता. चाचांना नंतर दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली. कंडेन्सर बदलता येतो, चाक घासता येते, तबकडीवरचा ओरखडा काढता येत नाही. सात-आठ वेळा तो आवाज आला. मग सुई त्याच्या पलीकडे गेली आणि गाणे स्वच्छ चालू राहिले.

"ह्याच्या पुढचं वन्संनी ऐकलं न्हवतं," आई म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते.

बाजू संपली. सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत फिरत राहिली. थोड्या वेळाने आई म्हणाली, "उचल आता. हळू उचल."

तारखेची ती पट्टी मी पुन्हा घडी करून तबकडीच्या पाकिटात ठेवली आहे. चाचांचा नवा फ्यूज कपाटाच्या खणात आहे. जुना कधी उडाला तर लागेल. दर रविवारी दुपारी अर्धा तास यंत्र चालू करतो. आई खुर्चीत असते आणि मी वाकळीवर. कधी 'अभंगवाणी' असते, कधी दुसरे काही. 'टक्' असा आवाज आला की आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नाही, पण पुढचे गाणे सुरू होईपर्यंत दोघेही थांबलेले असतो.